वाइनचं लाजरं नाक

नागपूरला लागून असलेल्या बेसातल्या संत्रांगण सोसायटीत वसंतराव पांढरीपांडे यांना जपानी येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याचा कोणालाही काडीचा उपयोग नव्हता. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, गुडघ्यांना तेल चोळतात, फार तर पेटी शिकतात. वसंतरावांनी जपानी धरली ती सोडलीच नाही. परीक्षा दिल्या, पास झाले, पेढे वाटले. लोकांनी पेढे खाल्ले आणि विचारलं, "मग जपानला कधी?" जपानला कुठं जायचं होतं त्यांना? कोणीतरी एकदा दारात यावं आणि म्हणावं, पांढरीपांडे, एवढं जपानीत करून द्या, तुमच्याशिवाय होणार नाही. बस, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा. पण बेसात जपानीवाचून कोणाचं अडतंय! चारुलताबाईंचं म्हणणं असं की हे सकाळी बाथरूममध्ये गुळण्या करतात आणि मग खोलीत जाऊन जपानी बोलतात, बाहेरून ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही.

त्यामुळे डिसेंबरातल्या एका सकाळी शेजारचे लहानूजी बोंडे एका धिप्पाड पाहुण्याला घेऊन आले, आणि पाहुण्यानं चप्पल काढता काढताच "जपानी येनारे तुमीच का गा?" असं विचारलं, तेव्हा वसंतरावांनी हातातला चहा खाली ठेवला.

"हे माये साडू, चंपतराव भोयर," लहानूजी म्हणाले. "खाप्याले संत्र्याची वाडी हाय यायची. आता संत्र्याची वाइन काढून राह्यले."

'वाइन' शब्द ऐकताच वसंतरावांनी पाय आखडून घेतले. त्याला कारण होतं. ते सोसायटीचे सचिव होते आणि लिफ्टशेजारची पाटी त्यांनीच लिहिली होती: 'सोसायटीच्या आवारात मद्य बाळगणे, प्राशन करणे अथवा मद्याचा वास येणे यांस सक्त मनाई आहे.' त्यातलं 'वास येणे' हे कलम तर खास त्यांच्या डोक्यातून निघालेलं. नियमाला फट ठेवली की माणूस त्यातून शिरतो, ही त्यांची विमा कंपनीतल्या नोकरीतली शिकवण.

"जपानची पाहुनी येऊन राह्यली," चंपतरावांनी सांगितलं. "मोरिता म्हनून बाई हाय. तिले पसंत पडलं तं माल तिकडं जाते. दिल्लीचा तज्ज्ञ आनला होता आमी. त्यानं चव घेऊन सारं इंग्रजीत लिवून देल्लं. आता ते जपानीत पायजे. पाहुन्याले त्याच्या भाषेत पान वाढावं, असं मले वाटते. लहानू म्हने, तुमच्याशिवाय होनार नाई."

झालं! ज्या वाक्यासाठी कान आसुसले होते ते वाक्य साक्षात खाप्याहून चालत आलं होतं. त्यापुढे वाइन काय आणि पाटी काय. कागद न बघताच वसंतराव म्हणाले, "होईल."

कागद त्यांनी दुपारी वाचला. नंतर चष्मा पुसून पुन्हा वाचला. दिल्लीच्या तज्ज्ञानं वाइनवाल्यांच्या खास बोलीत लिहिलं होतं: नाक लाजरं, मात्र आग्रह केल्यास खुलणारं. पाय लांब व सुरेख. अंग मध्यम. जिभेवर बराच वेळ रेंगाळणारी. गूजबेरी, ओला दगड, देवदार, जुनं चामडं आणि जंगलातली जमीन यांचा भास.

चारुलताबाई खांद्यावरून वाचत होत्या. "हे वाइनचं आहे का आपल्या ऋषीला सांगून आलेल्या मुलीचं?" त्यांनी विचारलं. "मुलीचं असेल तर आताच नाही म्हणून कळवा. पाय लांब असोत नाही तर आखूड, जुन्या चामड्याचा वास येणारी सून मला नको."

संध्याकाळी लहानूजी मोबाइल घेऊन आले. "वसंतभाऊ, काहून डोकं फोडून राह्यले? हे पाहा, मोबाइलनं एका सेकंदात करून देल्लं." वसंतरावांच्या काळजात चर्र झालं. त्यांनी कसंबसं ते जपानी वाचलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. मोबाइलनं लिहिलं होतं की आमच्या दारूला सुंदर लांब पाय असून तिचं नाक परक्या माणसासमोर लाजतं. देव दयाळू आहे, असं वसंतरावांना त्या दिवशी अगदी मनापासून वाटलं.

आता वसंतरावांचा स्वभाव असा की न समजलेलं वाक्य ते पुढे सरकू देत नसत. शब्दकोशात सगळ्याला जपानी शब्द होता, अगदी गूजबेरीलासुद्धा. पण ज्याचा वास आपण घेतला नाही त्याचा शब्द कोणत्या तोंडानं लिहायचा? गूजबेरी म्हणजे आवळा, असं घरच्या जुन्या शब्दकोशानं सांगितलं. रसभरी, असं चारुलताबाई म्हणाल्या. सी विंगमधल्या डॉक्टर मिनल कोलते दोन वर्षं इंग्लंडला राहून आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की तिकडची गूजबेरी हिरवी असते आणि तिच्यावर बारीक लव असते. केसाळ आवळा! वसंतरावांना जेवण गेलं नाही. शेवटी ज्या सोसायटीत पार्किंगवरून कधी एकमत झालं नाही, तिथं गूजबेरीवरून तरी कसं होणार, असं म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली आणि बाकीच्या वासांना हात घातला.

वाइन चाखायची नाही, हे तर ठरलेलंच. पण वाइनला ज्यांचा वास येतो त्या वस्तूंचा वास घ्यायला कोणत्याच पाटीची मनाई नव्हती. ओला दगड घरातच होता. वसंतरावांनी पाटा धुतला, वर पाणी ओतलं आणि डोळे मिटून त्यावर नाक टेकवलं. लसूण-खोबऱ्याच्या चटणीचा सणसणीत वास आला. त्यांनी पाटा तीनदा घासला, तरी चटणी हटेना. चारुलताबाई म्हणाल्या, "सासूबाईंपासूनची चटणी आहे ती त्या दगडात. तुमच्या जपानसाठी ती बाहेर येणार नाही."

जुन्या चामड्यासाठी लहानूजींनी आपल्या लग्नातली चप्पल आणून दिली. तिला त्यांनी वर्षानुवर्षं एरंडेल पाजलं होतं. तिचा वास घेताना वसंतरावांना दारात आलेल्या दूधवाल्यानं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो पिशवी बाहेरच लटकवून जाऊ लागला. जंगलातल्या जमिनीसाठी चंपतरावांनी खाप्याहून पोतंभर पालापाचोळा पाठवला. त्यातून निघालेले मुंगळे आधी दिवाणखान्यात हिंडले, मग त्यांना साखरेचा डबा सापडला, आणि मग चारुलताबाईंना ते सापडले. तो प्रसंग इथं लांबवत नाही. पोतं गॅलरीत गेलं, आणि त्या रात्री वसंतरावांना जेवायला पालेभाजी मिळाली. "जंगलच खा आता," एवढंच बाई बोलल्या.

राहिलं देवदार. लाकूड म्हटलं की लकडगंज. वसंतराव इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून गेले, हीच त्यांची चूक झाली. पहिल्याच वखारीत त्यांनी कोणाशी न बोलता एका थप्पीपाशी वाकून फळीचा वास घेतला. मग दुसऱ्या थप्पीचा घेतला आणि खिशातून कागद काढून काही टिपलं. गादीवरचा शेठ ताडकन उठला. खिशाला पेन लावलेला माणूस फळी हुंगून टिपणं काढतो आहे, म्हणजे हा सरकारी असणार, यात त्याला शंका उरली नाही.

"बैठो साब, बैठो. माल सब नंबर एक का है. चाय बोलूं?"

"चाय नहीं. मेरेको सिर्फ खुशबू लेना है," वसंतराव म्हणाले.

असं उत्तर शेठनं उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यानं चहा मागवला, समोसे मागवले, स्वतः पुढे होऊन एकेक फळी उचलून नाकाशी धरू लागला. देवदार झालं, सागवान झालं, सालाचं लाकूड झालं. रंद्याचा भुसा मुठीनं आणून हुंगवला. वाइन ओकच्या पिंपात मुरते असं वाचलेल्या वसंतरावांनी ओक कुठं मिळेल, असं विचारताच शेठ म्हणाला, "ओक को छोडो साब, अपना सागवान के सामने ओक पानी भरेगा." एवढं आतिथ्य झाल्यावर रिकाम्या हातानं उठणं वसंतरावांच्या जिवावर आलं. मध्यमवर्गीय माणसाला दुकानातून काही न घेता बाहेर पडता येत नाही. साडीच्या दुकानातून बायका पडतात, पण ती वेगळी जात. वसंतराव देवदाराच्या एका लांबलचक फळीचे मालक होऊन बाहेर पडले.

फळी रिक्षातून दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आली. बेसाला पोचेपर्यंत वसंतरावांनी निम्म्या नागपूरच्या शिव्या ऐकल्या, आणि सोसायटीच्या फाटकावर चौकीदारानं काठी आडवी घातली.

"लाकूडकामाचं सामान हाय साहेब. सचिवाची सही पायजे."

"अरे, मीच सचिव आहे."

"म्हनून तं सांगतो. तुमीच लिवलं हाय, अर्जदारानं सोताच्या अर्जावर सोता सही कराची नाई. खजिनदाराची लागते. आन खजिनदार गेले पोरीकडं बंगलोरले."

नियमाला फट ठेवली नव्हती, त्याचं हे फळ. फळी फाटकाच्या भिंतीला टेकून उभी राहिली. येणारा-जाणारा तिला हात लावून विचारू लागला, "पांढरीपांडे, फर्निचर करून राहिले का?" आणि वसंतराव शिंकत 'नाही' म्हणू लागले. हो, शिंकत. भुसा मुठीमुठीनं हुंगल्याचा परिणाम त्याच संध्याकाळी दिसला. सकाळपर्यंत दोन्ही नाकपुड्या बंद.

इकडे मोरिताबाईंचा दिवस जवळ आला. चंपतरावांनी एक बाटली पाठवून दिली आणि निरोप दिला की वास कशाले घेता, पिऊनच पाहा ना बाप्पा. वसंतराव रात्रभर कूस बदलत राहिले. काम परत करावं, असंही एकदा मनात आलं. पण मग उरलेल्या जन्मात जपानीची काय शोभा? 'तुमच्याशिवाय होणार नाही' म्हणत आलेल्या पहिल्याच माणसाला 'माझ्याच्यानं होत नाही' सांगायचं? पहाटे त्यांनी ठरवलं, चाखायची. पण कायद्यानं.

दारू प्यायला परवाना लागतो ही गोष्ट त्या पंचक्रोशीत बहुधा एकट्या वसंतरावांनीच मनावर घेतली होती. ते उत्पादन शुल्काच्या कचेरीत गेले. तिथल्या बाबूनं त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं. स्वतःच्या पायांनी परवाना मागायला आलेला म्हातारा त्याला नवीन असावा.

"कारण काय लिवू?"

"भाषांतर."

बाबूनं पेन खाली ठेवलं. "साहेब, लोक आनंदासाठी पेतेत, दुःखासाठी पेतेत. भाषांतरासाठी आजपावेतो कोनी आलं नाई. इथं आरोग्याचं कारण चालते. भाषांतराचा रकाना नाई."

"पण आरोग्यासाठी नाही ना मला प्यायची. खोटं कसं लिहू?"

मागची रांग कुरकुरू लागली. बाबू आत गेला, मोठ्या साहेबांना घेऊन आला. साहेबांनी कपाळाला हात लावून विचारलं की भाषांतर झालं नाही तर आपल्या आरोग्याला काही होईल का? वसंतरावांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, "हो, झोप येत नाहीये." "मग लिवा आरोग्य," साहेब म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा वसंतराव पांढरीपांडे कायदेशीर दारुडे झाले.

चाखण्याचा समारंभ सकाळी अकराला, खिडक्या लावून. बाळगणे आणि प्राशन ही कलमं सरकारी परवान्यापुढे नमतात, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं; 'वास येणे' मात्र अजून भिंतीवर होतं ना. पण भर सकाळी खिडक्या लावल्या की सोसायटीत काय होतं ते सांगायला नको. दहा मिनिटांत लहानूजी साखर मागायला आले आणि बसले. डॉक्टर मिनल रक्तदाब तपासायला आल्या आणि त्याही बसल्या. वसंतरावांनी बाटली उघडली, स्टीलच्या पेल्यात थोडी ओतली, परवाना शेजारी ठेवला आणि पेला नाकाशी नेला. काही नाही. पुन्हा नेला. बंद नाक ते बंदच. घोट घेतला, गरम पाण्यात चुकून आंबट पडावं तेवढंच जिभेला कळलं. एवढ्यासाठी लकडगंज, मुंगळे, कचेरी! त्यांचे डोळे भरून आले.

"आणा इकडे," चारुलताबाई म्हणाल्या. त्यांनी पेला घेतला आणि भाजीची फोडणी हुंगावी तसा जवळ धरला. बाईंचं माहेर सावनेरचं. एरवी बोलणं नागपूरच्या शाळेतलं, पण जीव गुंतला की माहेरचा 'ले' जिभेवर यायचा. "मले तर साल वाटून राहिली," त्या म्हणाल्या. "संत्र्याची साल. उटण्यासाठी आपण गच्चीवर टोपलीत वाळवतो ना, तिसऱ्या दिवसाची. वरून कडक झालेली, आतून अजून नरम. थोडं मध पण आहे."

लहानूजींनी हुंगून सांगितलं, "संत्रे भरून नेल्यावर रिकाम्या बोऱ्याचा वास असते, तसा." डॉक्टर मिनलना त्यात लहानपणीचं खोकल्याचं औषध आठवलं, आणि हे वाईट अर्थानं म्हणत नाही, आम्ही ते चोरून पीत असू, असंही त्यांनी सांगितलं. दगड कोणालाच सापडला नाही. चामडंही नाही. गूजबेरीचं तर नावच नको.

वसंतराव त्या दिवशी टेबलावरून उठले नाहीत. दिल्लीच्या तज्ज्ञाचं भाषांतर त्यांनी इमानानं केलं. दुसऱ्याचं म्हणणं बदलायचा भाषांतरकाराला अधिकार नाही, हे त्यांचं ब्रीद. लाजऱ्या नाकापाशी मात्र त्यांनी लिहिलं की हा सुगंध परकं घर पाहून आधी दारातच थांबतो. जिभेवर रेंगाळण्याला लिहिलं की निरोप घेऊन उठलेला पाहुणा चप्पल घालून पुन्हा अर्धा तास बोलत राहतो, तशी ही चव जात नाही. लिहून झाल्यावर त्यांना स्वतःचाच हेवा वाटला. आणि मग, जपानीच्या क्लासमध्ये रोज चार ओळी लिहायची सवय लागलेली म्हणून, खाली त्यांनी सरावासाठी सगळा प्रसंग जपानीत लिहून काढला. बायकोला गच्चीवर टोपलीत वाळवलेल्या सालीचा वास आला, शेजाऱ्याला पोत्याचा, डॉक्टरांना औषधाचा. भाषांतरकाराचं नाक चोंदलेलं असल्यामुळे त्याला काहीच आलं नाही, त्याबद्दल तो क्षमा मागतो.

छापखान्यात त्यांनी बजावलं होतं, "वरचं तेवढं छापा. खालचं माझं आहे." पण वरचं कुठं संपतं आणि खालचं कुठं सुरू होतं हे छापखान्यातल्या माणसाला कळावं तरी कसं? गिऱ्हाइकाची अक्षरं गाळणं म्हणजे पाप, असं समजून त्या सज्जनानं सगळं छापलं. जाड कार्डावर, सोनेरी शाईत. चंपतराव परस्पर गठ्ठा घेऊन खाप्याला गेले, आणि तिथंही त्याला वाचणारं कोण होतं!

पाहुण्यांच्या दिवशी वसंतराव आणि चारुलताबाई लहानूजींच्या गाडीतून खाप्याला पोचले. संत्र्याच्या झाडांखाली पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, काचेचे पेले, आणि प्रत्येक पेल्याला टेकून ठेवलेलं एकेक कार्ड. मोरिताबाई साठीच्या, केस बारीक कापलेल्या, अगदी शांत चेहऱ्याच्या. सोबत एक तरुण सहकारी. वसंतरावांनी कमरेत वाकून घोकलेलं स्वागत म्हटलं. त्या दोघांनी वाकून उत्तर दिलं. ते त्यांना कळलंही. जीव थोडा भांड्यात पडला.

तो तिथं फार वेळ राहायचा नव्हता. दिल्लीच्या तज्ज्ञानं स्पष्ट लिहून दिलं होतं की चाखण्याआधी फक्त बिनचवीचं बिस्किट द्यावं. चंपतरावांच्या पत्नी ताराबाईंना ते पटलं नाही. "उपाशी पोटी पाहुन्याले दारू पाजू का? अन् बिस्किट का कोनी पाहुन्याले देते?" असं म्हणून त्यांनी तर्री-पोहे, म्हणजे पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा, असा बेत केला होता. पाहुणी परदेशची म्हणून तर्री बिनतिखट केली होती, म्हणजे ज्यात त्या नेहमी दोन मुठी तिखट घालत त्यात दीड मूठ घातलं होतं. मोरिताबाईंनी पहिला घास घेतला. डोळे मोठे झाले. पण ताटात टाकायचं नाही हा संस्कार जपानातही असावा. बाईंनी बशी संपवली. ती संपलेली पाहून ताराबाईंनी प्रेमानं दुसरा डाव घातला. आग्रहाला नाही म्हणायचं नसतं, हाही तिथला संस्कार निघाला.

शेवटी मोरिताबाईंनी रुमालानं डोळे टिपले, वसंतरावांकडे वळून हळू आवाजात काही सांगितलं आणि पुन्हा वाकल्या.

"काय म्हनते गा बाई?" चंपतरावांनी विचारलं.

बाई म्हणाली होती की न्याहारी फारच उत्तम होती, पण आता तिच्या जिभेला बराच वेळ कसलीच चव कळणार नाही, त्याबद्दल ती दिलगीर आहे. हे वसंतरावांना शब्दन् शब्द समजलं. इतकी वर्षं शिकलेल्या भाषेतून आलेला हा पहिला निरोप, आणि तो असला! चंपतरावांना काय सांगायचं? वसंतरावांच्या हातातही ताराबाईंनी बशी दिली होती. दुःखात माणूस समोर येईल ते खातो. त्यांनी एका दमात अर्धी तर्री गिळली. कान तापले, कपाळावर घाम आला, डोळ्यांतून धार लागली.

मोरिताबाईंनी मग वेळ घालवायला कार्ड हातात घेतलं. वसंतरावांनी सहज वाकून पाहिलं. खालचं, स्वतःचं, क्षमा मागणाऱ्या चोंदलेल्या नाकासकट, सगळं सोनेरी अक्षरांत उन्हात चमकत होतं. बाईंनी वरचा भाग भरभर वाचला. खाली आल्यावर त्या थांबल्या आणि सावकाश वाचू लागल्या. तरुण सहकाऱ्यानंही आपलं कार्ड उचललं; त्याचे खांदे हलू लागले. झालं, वसंतराव मनात म्हणाले. माझी फजिती झाली तर झाली, या बिचाऱ्या चंपतरावांचा माल पण बुडवला मी. तोंड कुठं लपवावं ते कळेना, म्हणून समोरचा पेला उचलून त्यांनी चेहऱ्यापुढे धरला.

आणि त्यांना वास आला.

तर्रीनं लकडगंजाचा सगळा भुसा धुऊन काढला होता. आधी काही नाही, मग दारात कोणी उभं राहावं तसा हळूच, आणि मग सरळ आत. गच्ची, टोपली, वरून कडक झालेली साल. दरवर्षी थंडीत त्या टोपलीवरून ठेचकाळून ते चारुलताबाईंवर चिडत आले होते, आणि इतक्या वर्षांत तिला असा वास आहे हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

"मिकान नो कावा," ते मोठ्यानं बोलून गेले. संत्र्याची साल. परीक्षेत कधी विचारलं नव्हतं, पाठ केलं नव्हतं, आपसूक आलं.

मोरिताबाईंनी मान वर केली. त्यांच्याही हातात पेला होता, नाकाशी धरलेला. जीभ जळाली होती, पण नाक तर्रीनं त्यांचंही लख्ख केलं होतं. त्या बोलायला लागल्या, आणि बराच वेळ बोलत राहिल्या. वसंतराव ऐकत होते, माना डोलावत होते, मधूनच हसत होते. एकही शब्द सुटत नव्हता. त्या आनंदात, हे सगळं दुसऱ्या कोणाला सांगायचं असतं, हेच ते विसरले.

"अहो, सांगा ना गा साहेब, काय म्हनते?" चंपतराव काकुळतीला आले होते.

"म्हणते," वसंतरावांचा आवाज ओला झाला, "माझी आई थंडीत ओसरीवर टोपलीत साल वाळवायची. अंघोळीच्या पाण्यात टाकायला. आईनंतर तो वास कुठं भेटला नव्हता. म्हणते, लोकांना देवदार आणि दगड सांगू नका, कार्डाचं खालचंच बाटलीवर छापा, तर माल माझ्या दुकानांतून पहिल्यांदा थोडा ठेवून पाहीन. आणि म्हणते, आमच्या ओसरीवरची टोपली नागपूरच्या बाईंनी केव्हा पाहिली?"

चंपतरावांनी पागोटं नव्हतं म्हणून डोक्यावरची टोपीच काढून हातात घेतली. लहानूजी "पाहा, म्या म्हटलं होतं का नाई" असं दिसेल त्याला सांगत सुटले. ताराबाईंनी आनंदानं मोरिताबाईंच्या बशीत तिसरा डाव घातला, आणि या खेपेला बाईंनी ती अदबीनं सहकाऱ्याकडे सरकवली.

चारुलताबाई मात्र पुढे झाल्या. "तिला म्हणावं, साल मी अजून वाळवते. या वर्षीची डबाभर देईन." वसंतरावांनी तोंड उघडलं, तशा त्या म्हणाल्या, "थांबा. ते तुम्ही सांगा. पण 'परत या' मले सोताले म्हणायचं हाय. कसं म्हणतात ते?"

वसंतरावांनी बायकोकडे पाहिलं. गुळण्या म्हणून ज्या भाषेला तिनं इतकी वर्षं हिणवलं, तिच्यातलं वाक्य ती मागत होती, त्यांच्याकडे, चारचौघांत. आणि काय सांगावं, पहिल्या इयत्तेतलं ते साधं वाक्य त्या घटकेला त्यांच्या डोक्यातून पार उडालं. मोरिताबाई शांतपणे वाट पाहत होत्या. वसंतरावांनी डोळे मिटले, पेला पुन्हा एकदा हुंगला, आणि मग ते आलं.

"माता किते कुदासाई," ते पुटपुटले.

चारुलताबाईंनी ते मनात दोनदा घोळवलं. पदर सारखा केला, मोरिताबाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि सावनेरच्या लेकीनं सावनेरच्या लेकीला म्हणावं तसं म्हणाल्या, "माता किते कुदासाई, वं बाई."

मोरिताबाईंना ते सगळं समजलं. त्यातल्या 'वं'चं जपानी भाषांतर त्यांनी वसंतरावांना विचारलं नाही.